संगणकातली माणसं आणि खरे आजार

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. ‘जेवणातलं मीठ इतकं कमी केलं तर वीस वर्षांत इतके हृदयविकार टळतील’ अशा बातम्या हल्ली वारंवार वाचतो. शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘सिम्युलेशन मॉडेलवरून’. म्हणजे संगणकात काल्पनिक माणसं बसवून काढलेलाच आकडा ना? त्यापेक्षा सरळ प्रयोग करून का बघत नाहीत?

उत्तर : सर, प्रयोगाला ना कोणाची असणार? पण निम्म्या लोकांचं मीठ कमी करायचं, निम्म्यांचं तसंच ठेवायचं आणि वीस वर्षं दोन्हीकडच्यांना जेवणाची शिस्त पाळायला लावायची, हे कोणाला जमणार? उत्तर हाती येईपर्यंत निर्णयाची वेळही टळून गेलेली असते.

ही काल्पनिक माणसं घडवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा एक उघडून दाखवतो. बाई, वय ५२, वरचा रक्तदाब १५०, साखर काठावर. यंदा तिला पक्षाघात होण्याची शक्यता, समजा, १ टक्का. संगणक ० ते १ मधला कुठलाही एक आकडा काढतो. तो ०.०१ च्या खाली आला तर पक्षाघात. आला ०.३७, बाई सुटली. आता वय ५३, रक्तदाब किंचित वर, शक्यताही थोडी वाढलेली. पुन्हा आकडा. असं तिच्या मरणापर्यंत, आणि अशी लाखभर माणसं. मग सगळी परत ५२ वर्षांच्या बाईपासून, पण मीठ कमी करून. यातली खुबी तुम्हाला नक्की आवडेल: दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला पहिल्या फेरीतलेच आकडे द्यायचे. नशीब तेच, बदललं फक्त मीठ.

तुम्ही विचाराल, तो १ टक्का आणला कुठून? माझा उदाहरणापुरता आहे, पण खऱ्या मॉडेलमधला खऱ्या माणसांकडून येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ जणांची हृदयतपासणी सुरू झाली आणि पुढे दशकानुदशकं चालू राहिली. ब्रिटनमध्ये १९७७ पासून नव्याने मधुमेह निघालेल्या ५,१०२ जणांवर असाच दीर्घ अभ्यास झाला. कोणत्या वयात, किती साखरेला, काय बिघडतं याची समीकरणं अशा नोंदींतून बसवतात.

माझ्या मते मॉडेलचा खरा उपयोग भाकितापेक्षा आपली समजूत तपासायला होतो. मधुमेहाचे उपचार सुधारले तर रुग्ण कमी होतील, असं बहुतेकांना वाटतं. होतं उलटंच. रुग्णसंख्या ही टाकी धरा: नवे रुग्ण हा वरचा नळ, मृत्यू ही खालची तोटी. चांगल्या उपचारांनी तोटी बारीक होते, नळ तेवढाच वाहतो, पाणी चढतं. माणसं जास्त जगली म्हणून आकडा फुगला, आणि मथळा मात्र ‘मधुमेह आटोक्याबाहेर’! नळ बारीक करायचा तर निदानाच्या कितीतरी आधी, वजन आणि हालचालीपासून सुरुवात करावी लागते. तरी पातळी उतरायला बरीच वर्षं जातात.

विश्वासाचं म्हणाल, तर एकट्यादुकट्या मॉडेलवर मीही ठेवत नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले, त्यात मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, वाटा किती, हे सात गटांनी सात मॉडेलं वापरून काढलं. २००५ साली निष्कर्ष आले: कमीत कमी २८ टक्के, जास्तीत जास्त ६५. मला हा प्रामाणिकपणा वाटतो, कारण तपासणी आणि औषधोपचार दोन्हींचा हातभार लागला यावर सातही जणांचं एकमत होतं. भांडण होतं ते वाटणीवर. बातमीत नुसता एकच आकडा असेल, मागेपुढे पल्ला नसेल, तर मी पान उलटतो.

प्रश्न : अशा मॉडेलमध्ये माझे आकडे घातले तर मला हृदयविकार होईल का, ते कळेल?

उत्तर : नाही. तुमच्यासारख्या हजारांत साधारण किती जणांना होईल, एवढं कळेल. त्या हजारांत तुम्ही कोणत्या बाजूला, हे मॉडेलला ठाऊक नसतं. रक्तदाब मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.