आजीला पहिल्याच सीनमध्ये मारू नकोस

बाबू,

'चकवा' सिनेमाच्या दुसऱ्या भागाची तुझी वही दोनदा वाचली. एकदा खळ्यावर, धानाच्या पुंजण्याजवळ बसून, आणि एकदा घरी, रात्री लाइट आल्यावर.

तुझा पहिला 'चकवा', रानात वाट चुकवणाऱ्या भुताचा, मंडईच्या जत्रेत चादरीवर दाखवला तेव्हा मी मागं उभा होतो. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून निघालेलं पोरगं फिरून फिरून तिसऱ्यांदा त्याच मोहाच्या झाडाखाली येतं, तेव्हा समोरचं एक लेकरू ओरडलं, "अबे, तो मागं येऊन रायला बे!" मागं कोणीच नव्हतं. तो तुझा विजय होता. आता दुसऱ्या भागात काय आहे? तीन चकवे, बादलीभर रक्त, चकव्याचं दीड पान भाषण. आणि कंदील घेऊन येणारी आजी सुरुवातीलाच मेलेली, कारण ते काम करणाऱ्या आजीबाई लेकाकडे नागपूरला गेल्या.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये दोन जुने इंग्रजी सिनेमे आहेत. हॅमर या ब्रिटिश सिनेमा कंपनीचा १९५८चा 'ड्रॅक्युला' आणि त्याच मालिकेतला १९६६चा 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'. दोन्हीकडे दिग्दर्शक टेरेन्स फिशर, ड्रॅक्युला ख्रिस्तोफर ली, संगीत जेम्स बर्नार्डचं. एवढं सगळं सारखं असून दुसरा पहिल्याइतका का चढत नाही, ते बघ.

पहिल्यात ली जिन्याच्या वर नुसती काळी सावली म्हणून उभा राहतो. आता राक्षस दिसणार म्हणून आपण सरसावून बसतो, तर झपझप खाली उतरून येतो एक देखणा, अदबशीर यजमान. पाहुण्याशी चार शब्द बोलतो, आणि तो पाहुणा गेल्यावर पुढे सिनेमाभर त्याच्या तोंडी जवळपास काही नाही. पण त्याच्यासमोर पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग आहे, रक्तपिपासूंचा शिकारी. किडकिडीत, चटपटीत, डोक्यानं चालणारा. शेवटी तो लांब टेबलावरून धावत जातो, उडी मारून खिडकीचा पडदा खाली ओढतो, ऊन आत येतं. मग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो आणि ड्रॅक्युलाला त्या उन्हात रेटतो, त्याची राख होते. मी झाडीपट्टीच्या नाटकांत बावीस हंगाम खलनायक रंगवला, म्हणून छातीठोक सांगतो: समोरचा हिरो मचूळ असला की पहाटे दोन वाजता प्रेक्षक चादर ओढून झोपतात, मग तू कितीही डोळे वटार.

१९६६च्या सिनेमात, सुरुवातीचा जुना तुकडा सोडला तर, कुशिंग नाही. त्याच्या जागी अँड्र्यू कीरचा एक दांडगा पाद्री आहे, बंदूक बाळगणारा. माणूस झकास, पण ड्रॅक्युलाशी त्याचं जुनं वैर आपण पाहिलेलं नाही. मधे १९६०मध्ये फिशरनंच 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' केला होता. त्यात उलट, कुशिंग आहे आणि ड्रॅक्युलाच नाही! तिथं कुशिंग पवनचक्कीची पाती फिरवून त्यांच्या सावलीचा क्रूस पाडतो. मला विचारशील तर १९६६च्यापेक्षा तो सरस. राक्षस बदलला तर लोक चालवून घेतात बाबू, वाचवणारा बदलला तर हळहळतात.

तरी १९६६च्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग मला मूळ सिनेमाहून जास्त आवडतो. चार प्रवासी रिकाम्या किल्ल्यात येतात. टेबलावर बरोबर चौघांची ताटं मांडलेली, सामान आधीच खोल्यांत नेऊन ठेवलेलं. मालक मेला, पण पाहुण्यांचं स्वागत करायचं सांगून गेला, असं नोकर म्हणतो. चौघांतली हेलन एकटीच म्हणत राहते, चला इथून. ड्रॅक्युला यायला जवळजवळ अर्धा सिनेमा जातो. तो येणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. दुसऱ्या भागाची सगळी कमाई हीच असते. मंडईतल्या त्या लेकराला आता चकवा माहीत आहे. त्याला पुन्हा ओळख करून देऊ नकोस, नुसतं मोहाचं झाड दाखव.

ली या सिनेमात एक शब्द बोलत नाही. ली म्हणायचा, संवाद इतके भिकार होते की मीच नाही म्हटलं. लेखक जिमी सँगस्टरचं म्हणणं, मी लिहिलेच नव्हते. कोण खरं बोलत होतं ते असो. तू मात्र ते दीड पान फाड.

रक्ताचंही तसंच. इथं एकाला उलटं टांगून त्याच्या रक्तानं ड्रॅक्युलाची राख भिजवतात. ते एकदाच होतं, आणि त्यातून काहीतरी घडतं. तुझ्या वहीत सहा ठिकाणी रक्त आहे, घडत काहीच नाही.

आता आजीबाईंचं. १९६६चा सिनेमा सुरू होतो तोच मुळी पहिल्याच्या शेवटानं, कुशिंगच्या त्या पडद्यासकट. पण नवा सिनेमा जास्त रुंद होता, म्हणून जुन्या चित्राभोवती धुराची चौकट करून ते बसवलं. तुझंही तसंच आहे ना, पहिला फोन उभा धरून काढला, दुसरा आडवा काढणार? मग कंदील घेऊन येणाऱ्या आजीचा तो तुकडा धुक्यात बसव. पुढचा सीन तिच्या दाराला कुलूप. मेली नाही, गावाला गेली. पोरगं कुलूप बघतं आणि बोडीकडे वळतं. एवढ्यानंच लोक चुळबुळायला लागतील. आणि शेवटच्या सीनपुरत्या आजीबाई आल्या तर बघ, नागपूर काही विलायतेत नाही.

वडशाला कामानं यायचं झालं तर घरी ये, तुझी काकू भाताबरोबर झिंग्याची भाजी करते म्हणाली. पेनड्राइव्ह पुसू नकोस, त्यात नातीच्या बारशाचे फोटो आहेत.

तुझा,
काकाजी