आधी थरथर कशाच्या मागं पळतीय ते बघा

दादा, तुमचं दुखणं वाचलं. 2009 ची वॅगन आर, पावसाळा सरल्यापासून 80 च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं, सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की सीटपर्यंत हादरे येतात, आणि परभणीतल्या एका गॅरेजनं शॉकअप, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा), इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) असं सगळंच बदलायचं एस्टिमेट हातात दिलंय. थांबा जरा. मला तरी ही दोन वेगळी दुखणी दिसतात, आणि शॉकअप त्यातल्या एकाचंही पहिलं कारण नाही.

थरथर चाकाच्या मागं पळतीय का इंजिनच्या, एवढं कळलं की निम्मं काम झालं. सरळ रस्ता बघा, मागंपुढं कुणी नको. थरथर सुरू झाली की त्याच स्पीडला गाडी न्यूट्रल करा. किल्लीला मात्र हात लावायचा नाही; इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर दोष चाकाकडं. गेली तर इंजिन नाहीतर एक्सल, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय काळ्या मातीवर आहे. हसू नका. माझ्या जुन्या अल्टोला हेच झालं होतं. दिवाळीच्या आधी शेतात जाऊन आलो, बांधाच्या कडेनं चिखलात गाडी घातली, घरी येऊन वरवर पाणी मारलं. आठ दिवसांनी गेवराईकडं निघालो तर 75 ला स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. एका गॅरेजनं दोन्ही लोअर आर्म बदलून घेतले, साडेचार हजार गेले, थरथर जागच्या जागी. शेवटी पंक्चर काढताना चाक खाली आलं तेव्हा दिसलं. रिमच्या आतल्या अंगाला, एकाच बाजूला, भाकरीएवढा मातीचा थर वाळून दगड झालेला. पाण्यानं निघेना, खुरप्याच्या टोकानं खरवडून काढला. आपली माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंट. बाहेरून रिम चकाचक दिसतं, माती बसते ती आत, ब्रेकच्या बाजूला.

एवढ्याशा मातीनं काय होतं? 90 च्या स्पीडला तुमचं तेरा इंची चाक सेकंदाला साधारण 14 फेऱ्या मारतं. रिमला 100 ग्रॅमचं ढेकूळ चिकटलेलं असेल तर त्या वेगाला ते चाकाला 12 किलोच्या आसपास जोरानं ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला 14 वेळा दिशा बदलते. स्पीड उतरला की ही ओढ झपाट्यानं कमी होते, म्हणून 40 ला काहीच कळत नाही. बॅलन्सिंगवाला, म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करून देणारा, पाच-दहा ग्रॅमच्या वजनांसाठी एवढी खटपट करतो ती उगाच नाही.

तर आधी चारी चाकं काढून आतून साफ करा, मग बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरताना स्वतः उभं राहून बघा. रिमची कड वरखाली होतीय का, टायर डुलतोय का, कुठं फुगा आलाय का. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात रिम वाकणं नेहमीचं. टायरच्या आत पंक्चरवाल्यानं मोठा गेटर (आतून चिकटवायचा जाड रबरी तुकडा) लावला असेल तर तेही विचारा, त्याचंही वजन होतं. फुगा दिसला तर तो टायर घालून गावाबाहेरही जाऊ नका, हायवे तर लांबच.

एका गोष्टीत पुष्कळ जण गोंधळतात: अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं) आणि बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनं झिजत असेल तर अलाइनमेंट. थरथरीवर अलाइनमेंटचे पैसे घालून फार काही हाती लागत नाही.

टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे असतात; 1417 म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा. तुमची गाडी कमी फिरलीय म्हणता, नक्षी शाबूत असेल, पण आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो आणि रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षीवर भरवसा ठेवू नका.

स्टिअरिंगपेक्षा सीट जास्त हलत असेल तर मागची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरत असेल तर पुढच्या डिस्क. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, तर एक्सलचा आतला जॉइंट. जॉइंटवरचं रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालंय का बघा. वळताना कटकट आवाज आला तर बाहेरचा जॉइंट.

आता सिग्नलचा हादरा. गाडी उभी आहे, चाकं फिरत नाहीत, म्हणजे हे इंजिनचं. तुमचं 1.1 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, माझ्या अल्टोसारखं तीनचं नाही, त्यामुळं ते शांत चालायला हवं. सायलेन्सरच्या तोंडापाशी कान द्या. आवाज एकसारखा आहे का मधूनच ठोका चुकतोय? चुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही. आधी ठिणगी देणारे प्लग आणि कॉइल बघा, आणि इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलची साफसफाई करा. प्लगची वायर चालू इंजिनवर हातानं ओढून बघायची जुनी सवय असेल तर सोडा, झटका बसतो. आवाज एकसारखा असूनही एसी लावल्यावर केबिन हादरत असेल तर मग फाउंडेशन. पंधरा वर्षांत रबर कडक होतं, नाहीतर फाटतं. बॉनेट उघडं ठेवा, गाडीपुढं कुणाला उभं करू नका, हॅन्डब्रेक ओढून मेकॅनिकला पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूनं बघा. इंजिन थोडं कलेल, ते चालतं. उडी मारल्यासारखं उचललं तर फाउंडेशन गेलं. तिथं गॅरेजवाला खरा बोलतोय असं समजा, पण कुठलं गेलंय ते दाखवायला लावा आणि तेवढंच बदला.

आणि चाकं काढून लावल्यावर 50-100 किलोमीटरनं नट परत पान्यानं तपासा. थरथर हळूहळू न वाढता एकदम सुरू झाली तर गाडी कडेला घेऊन पहिला हात नटांनाच लावायचा.

रविवारी चाकं काढाल तेव्हा आत काय निघालं ते सांगा, आणि न्यूट्रलला थरथर राहिली का गेली तेही. तोवर ते एस्टिमेट खिशातच राहू द्या.