गल्लीतलं पातेलं: सुदानच्या तकियांबद्दल तुमची पत्रं

मागच्या अंकात सुदानच्या युद्धात गल्लीगल्लीतली पोरंपोरी तकिया म्हणजे जेवणाच्या जागा चालवून लोकांना जेवू घालतायत त्यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दोन तर चक्क पोस्टकार्डावर. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, पाच निवडलीत. एक चिडलेलं पत्र पण घेतलंय, कारण त्यात मुद्दा आहे.

ताई, लेख आवडला, पण ही 'इमर्जन्सी रूम' म्हणजे नक्की काय ते डोक्यात शिरलं नाही. संस्था आहे का? ऑफिस कुठं, रजिस्ट्रेशन कुठलं, चालवतं कोण?
— एक वाचक, सातारा

ऑफिस वगैरे काही नाही हो. अरबीत त्याला 'गुर्फत तवारी' म्हणतात, तातडीची खोली, आणि बऱ्याच ठिकाणी ती खोली म्हणजे नुसता एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मोहल्ल्यातली पाचपंचवीस माणसं आणि कुणाच्या तरी अंगणातली चूल. तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे इर्जिक हा शब्द तुम्हाला सांगायला नको, एखाद्याची नांगरट मागे पडली की बाकीचे आपापली बैलं घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि त्यानं फक्त जेवण घालायचं. सुदानमध्ये त्याला 'नफीर' म्हणतात. हाक दिली की जमायचं. पेरणी असो, घर बांधणं असो, लग्न असो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये राजधानी खार्तुमला पूर आला आणि सरकार हललं नाही तेव्हा कॉलेजच्या पोरांनी याच नावानं मदत उभी केली होती.

पण नुसत्या जुन्या प्रथेवर हे चाललंय असं समजू नका, मला उलट वाटतं की खरी ताकद नंतरची आहे. डिसेंबर २०१८ पासून तेव्हाचा सत्ताधीश ओमर अल-बशीरच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले ना, तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या झाल्या होत्या, मोर्चा कुठनं निघणार, पाणी कोण आणणार, कुणाला पकडलं तर वकील कोण बघणार, असलं सगळं त्या करायच्या. एप्रिल २०१९ मध्ये बशीर गेला, ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करानं परत सत्ता घेतली, समित्या मात्र राहिल्या. म्हणजे कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाला डायबिटीस आहे, कोणाची विहीर चालू आहे, हे त्यांना आधीच पाठ होतं. मग १५ एप्रिल २०२३ ला, ऐन रमजानात, जनरल बुरहानचं लष्कर आणि हेमेदतीचं आरएसएफ नावाचं निमलष्करी दल हे कालचे भागीदार खार्तुमच्या रस्त्यात एकमेकांवर तुटून पडले, परदेशी संस्थांची माणसं विमानानं-जहाजानं बाहेर गेली (आपली पण गेली, ऑपरेशन कावेरी आठवत असेल, पोर्ट सुदानहून जेद्दा), आणि मागे उरली ती ही मोहल्ल्यातली माणसं. कुणी ठरवून केलं नाही, त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंच तिथं.

काम काय? पहिलं म्हणजे कोणता रस्ता आज मोकळा आहे ते ग्रुपवर टाकायचं आणि लोकांना बाहेर काढायचं. बंद पडलेला दवाखाना कुणी नर्स, कुणी मेडिकलचा विद्यार्थी धरून परत चालू करायचा. जनरेटरला डिझेल, शाळेत येऊन राहिलेल्या कुटुंबांना चटया, बलात्कार झालेल्या बायकांना गुपचूप औषध आणि सोबत (यासाठी बायकांनी आपल्या वेगळ्या खोल्या काढल्यात). आणि जेवण. त्या जेवणाच्या जागेला तकिया म्हणतात, अनेकवचनी तकाया. आपल्याकडे फकिराचा तकिया असतो ना, तोच शब्द, सूफी लोकांच्या जागी येईल त्याला जेवण असायचं त्यावरनं आलेला. मोठ्या पातेल्यात डाळ नाहीतर फूल म्हणजे तिकडचा घेवडा शिजतो, आणि लोक घरनं डबा-भांडं घेऊन रांगेत उभे राहतात. कितीतरी जणांना दिवसातलं तेवढंच मिळतं.

मी बँकेत ३४ वर्षं काढलीत. रजिस्ट्रेशन नाही, ऑडिट नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे. माफ करा, पण यात खाल्ले जात नाहीत कशावरून?
— निवृत्त अधिकारी, नाशिक

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे, माफी कसली मागता.

आधी पैसा कसा फिरतो ते बघा. खार्तुमच्या एका बँकेचं 'बँकक' नावाचं अ‍ॅप आहे, आपल्या यूपीआयसारखं समजा. बँकांच्या शाखा लुटल्या गेल्या, नोटा मिळेनाशा झाल्या, पण अ‍ॅप चालत होतं, त्यामुळे सौदीतला मामा, लंडनमधली बहीण थेट मोहल्ल्यातल्या पोराच्या खात्यावर टाकू लागले. पोरगं त्यातनं किराणावाल्याला ट्रान्सफर करतं, डाळ घेतं, पावतीचा फोटो ग्रुपवर. रोख हवी असेल तर दलाल मधे येतो आणि भरमसाट कमिशन कापतो, ते पैसे वाया जातातच, लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेटवर्क गेलं तेव्हा अ‍ॅपच बंद, म्हणजे डाळ दुकानात आहे पण पैसे हलत नाहीत, अशा वेळी चुली थंड पडल्या. मग लोकांनी चोरट्या मार्गानं आलेल्या स्टारलिंकच्या, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या, डब्या लावल्या आणि तिथं तासाला पैसे मोजून अ‍ॅप उघडायचं असं सुरू झालं.

आता ऑडिट. बाहेरच्या देणगीदारांकडून पैसे यायला लागल्यावर हिशेबाचे ठराविक फॉर्म, पावत्या, एकाच्या जागी दोघातिघांच्या सह्या हे सगळं त्यांनी लावून घेतलंय. पण माझं मत विचाराल तर त्याहून मोठं ऑडिट म्हणजे रांग. तीनशे माणसांची डाळ आली आणि पातेलं दीडशेचं लागलं तर ते तुमच्या बँकेच्या इन्स्पेक्शनच्या आधी शेजारणीला कळतं, आणि शेजारीण काही ऐकून घेत नाही. गैरव्यवहार अजिबात होतच नसेल असं मी म्हणणार नाही, माणसंच आहेत. पण मोठ्या संस्थेतला मोठा पगार, मोठी गाडी, हॉटेलातली ट्रेनिंगं यात जाणारा पैसा आपण 'खर्च' म्हणतो आणि गल्लीतल्या पोरानं रिक्षाचे पैसे घेतले की 'खाल्ले' म्हणतो, हे पण बघा की जरा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, या पोरांना धोका पैशाचा नाही, जिवाचा आहे. लष्कर म्हणतं तुम्ही आरएसएफची माणसं, आरएसएफ म्हणतं तुम्ही लष्कराचे हेर. दोन्हीकडनं धरपकड झालीये, मारहाण झालीये, कित्येक स्वयंसेवक मारले गेलेत. २०२५ मध्ये या खोल्यांना नॉर्वेचं राफ्टो पारितोषिक मिळालं, राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, बातम्या आल्या, छान वाटलं. पण त्याच वर्षी सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि फेब्रुवारीपर्यंत ११०० च्या वर तकिया बंद पडल्याची बातमी होती. इतके दिवस मीही 'लोकांनी लोकांसाठी' असं कौतुकानं सांगत होते, तो आकडा वाचून गप्प झाले. हात गल्लीतलेच आहेत, पण डाळ विकतच आणावी लागते.

मणिपूर जळत होतं तेव्हा तुमची लेखणी कुठं होती? आफ्रिकेचा पुळका आणि आपल्या माणसांचा विसर, ही फॅशन झालीये.
— एक वाचक, नागपूर

बोललात ते लागलं. मणिपूरवर आम्ही एक छोटी बातमी सोडून काही छापलं नाही, हे खरं आहे.

योगायोग बघा, सुदानचं १५ एप्रिलला पेटलं आणि मणिपूरचं ३ मे ला, त्याच वर्षी, तीन आठवड्यांचंसुद्धा अंतर नाही. सुमारे ६० हजार माणसं घर सोडून छावण्यांत गेली. आणि तिथंही पहिल्या दिवसांत भात कोणी शिजवला तर डोंगरात चर्चनी आणि गावसमित्यांनी, खोऱ्यात मोहल्ल्यातल्या क्लबांनी आणि मैरा पैबी म्हणजे मशाली घेऊन रात्री पहारा देणाऱ्या बायकांनी. एक फरक मात्र मला खुपतो. तिथं मदत बऱ्याच अंशी आपापल्या जमातीपुरती राहिली, मैतेईंची मैतेईंना, कुकींची कुकींना, आणि मधल्या रेषेपलीकडे पातेलं गेलं नाही. सुदानमध्ये सगळीकडे चित्र गोड आहे असं नाही, पश्चिमेकडच्या दारफूरमध्ये तर जमात बघूनच कत्तली झाल्यात, पण खार्तुमच्या रांगेत तू कुठल्या जमातीचा असं विचारायचं नाही हा नियम या पोरांनी मोर्च्यांच्या दिवसांपासून धरलाय. मणिपूरवर मी लिहीन. तिथल्या कुणाला लिहायला सांगता आलं तर त्याहून बरं.

ताई, कोथरूडला माझा वन बीएचके आहे, त्यात दोन सुदानी मुलं भाड्यानं आहेत. तीन महिने भाडं नाही. मुलं सज्जन आहेत, पण माझा पण हप्ता आहे. काढू का?
— एक घरमालक, पुणे

लगेच काढू नका, आधी बसवून चहा द्या आणि विचारा घरचे कुठं आहेत. पुण्यात सुदानी मुलं कित्येक वर्षं शिकायला येतात, युद्धाआधी घरनं पैसे यायचे, आता घरच इजिप्तला नाहीतर चाडला निघून गेलं असेल. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे कमवा आणि द्या हेही म्हणता येत नाही. तुम्हाला जमण्यासारखं म्हणजे डिपॉझिटमधून दोन महिने वळते करून घ्या, उरलेल्याचा हप्ता बांधा, आणि परदेशी भाडेकरूच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वी ज्याला सी-फॉर्म म्हणत) भरलेला नसेल तर आजच भरा, कारण व्हिसा वाढवायला पत्त्याचा पुरावा लागतो, तो गेला की मुलं आणखी अडकतात. कॉलेजला फी हप्त्यानं घ्या म्हणून एक पत्र द्यायला लावा. भारतानं निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, पण दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नाव नोंदवायला अर्ज करता येतो, ते मुलांना माहीत नसेल तर सांगा.

जाता जाता, खडकवासल्याला एनडीएची ती घुमटाची मुख्य इमारत आहे ना, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी लढलेल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून तिथल्या सरकारनं १ लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले ७० हजार आपल्या वाट्याला आले आणि ते या इमारतीला लागले. एखाद्या रविवारी मुलांना तिकडनं फिरवून आणा, त्यांना बहुतेक माहीत नसेल. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुदानी पोराला नव्हतं, त्यानं फोटो काढून आईला पाठवला.

आम्ही बचतगटाच्या बायका आहोत. ज्वारी आहे, चांगले जुने कपडे आहेत. सुदानला पाठवायचे तर कसे?
— बचतगट, उमरगा

तायांनो, तुम्ही उमरग्याच्या, किल्लारीच्या भूकंपानंतर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते हे तुम्हीच मागच्या पत्रात लिहिलं होतंत. मग कपडे नकोच. ज्वारी पण नको, आणि याचं कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल, सुदान हा ज्वारी खाणारा आणि पिकवणारा देश आहे, गेदारेफ भागात मैलोन्‌मैल ज्वारीची रानं आहेत. ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड करतात ती असीदा, आणि पीठ आंबवून कागदासारखी पातळ आंबोळी काढतात ती किसरा. धान्य आहे, पण रस्ता अडवलाय, नाक्यानाक्यावर वसुली आहे. दारफूरमधल्या एल-फाशेर शहराला दीड वर्षाच्या आसपास वेढा होता तेव्हा तिथं माणसं भुईमुगाची पेंड खात होती, आपण म्हशीपुढं टाकतो ती.

पाठवायचेच तर पैसे, आणि तेही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर अजिबात नाही. माणसाला स्वतःच्या नावानं बँकेतून ए-२ फॉर्म भरून परदेशी देणगी पाठवता येते, पण सुदान म्हटलं की बँक दहा प्रश्न विचारते, आणि ८०जी ची इन्कम टॅक्समधली सवलत मिळत नाही. गटाच्या नावानं पाठवायच्या भानगडीत न विचारता पडू नका, आधी मॅनेजरला गाठा. नाहीतर दुसरं सुचवू? वरच्या पत्रातली दोन मुलं कोथरूडला आहेत. तुमची ज्वारी त्यांना चालेल, असीदा त्यांना करता येत असणारच. घरमालकांना विचारून कळवते.