दोन रिजनल एअरलाइनच्या ऑफर आहेत. लवकर अपग्रेड देणारी घ्यावी की घराजवळचा बेस देणारी?

घराजवळचा बेस घ्या.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या रिजनल (मोठ्या ‘मेजर’ एअरलाइनसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या) आहेत आणि दोन्हीकडे ई-१७५ हे जेट आहे. पहिली ‘वर्षभरात कॅप्टन’ म्हणते आणि मोठा सायनिंग बोनस देते, पण तिचा बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते तो विमानतळ, विमानाने दोन तासांवर आहे. दुसरीचा बेस घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवर आहे, बोनस नाही आणि अपग्रेडला, म्हणजे को-पायलटचा कॅप्टन व्हायला, अडीच-तीन वर्षं सांगतात. पायलट मंडळींत याचं ठरलेलं उत्तर असतं: जिथे चार पट्ट्या (कॅप्टनपद) लवकर मिळतील तिथे जा, बाकी सोसा. हे सांगणाऱ्यांशी माझा फार जुना वाद आहे. त्यातल्या बहुतेकांनी हिशेब कधी कागदावर मांडलेला नसतो, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) १२१.४३६ नियमाप्रमाणे पार्ट १२१ मध्ये, म्हणजे एअरलाइनमध्ये, कॅप्टन व्हायला आधी १००० तास लागतात. पार्ट १३५ (चार्टरसारखी उड्डाणं) मधला ठरावीक प्रकारचा पीआयसी (कॅप्टन म्हणून) अनुभव त्यात धरता येतो, पण तुमच्यासारख्या सीएफआय (उड्डाण प्रशिक्षक) म्हणून तास भरलेल्या माणसाला हे १००० तास एअरलाइनच्या उजव्या (को-पायलटच्या) सीटवरच काढावे लागतात. शिवाय मोजले जातात ते प्रत्यक्ष उड्डाणाचे तास. महिन्याला किमान ७५ तासांचा पगार मिळण्याच्या गॅरंटीचा इथे काही उपयोग नाही. लाइन होल्डर (ठरलेलं मासिक वेळापत्रक असलेला वैमानिक) महिन्याला ७०-७५ ब्लॉक तास (गेट ते गेट) उडाला तर १००० तासांना तेरा-चौदा महिने लागतात. रिझर्व्हवर (बोलावण्याची वाट बघत राखीव) बसलेला एफओ, म्हणजे को-पायलट, महिन्याला ३०-३५ तास उडत असेल तर तेच गणित अठ्ठावीस ते तेहतीस महिन्यांवर जातं. ग्राउंड स्कूल, सिम (सिम्युलेटर) आणि ओईचे (चेक पायलटबरोबर प्रत्यक्ष फ्लाइटवरचा सराव) महिने त्याआधीचे, ते वेगळेच.

आता खरी गोम बघा. एखादी कंपनी वर्षभरात कॅप्टन करायला का तयार असते? तिच्याकडे कॅप्टन कमी असतात म्हणून. पण प्रत्येक फ्लाइटला एक कॅप्टन लागतोच, त्यामुळे कॅप्टन कमी म्हणजे फ्लाइट कमी आणि एफओ ढिगाने. ते सगळे रिझर्व्हवर फोनची वाट बघत बसतात. ज्या टंचाईमुळे जाहिरातीत तो आकडा छापला जातो, तीच टंचाई तुमचे तास अडवते. २०२२-२३ मध्ये अनेक रिजनलमध्ये नेमकं हेच झालं. मेजर कंपन्यांनी कॅप्टन उचलून नेले, खाली एफओंची गर्दी झाली आणि त्यांना उडायला मिळेना. रिक्रूटर सांगतो तो आकडा खोटा नसतो, पण तो आज अपग्रेड झालेल्या सर्वांत ज्युनिअर माणसाचा असतो. त्याचे १००० तास कदाचित दोन वर्षांपूर्वीच्या चांगल्या काळातले असतील.

नव्या एफओला याचा आणखी एक फटका बसतो. टाइप चेक (त्या प्रकारच्या विमानाची परीक्षा) झाल्यावर १२० दिवसांत १०० तास उडून कन्सॉलिडेशन, म्हणजे त्या विमानावर हात बसवणं, पूर्ण करावं लागतं. ते झालं नाही तर रिफ्रेशर किंवा चेक पायलटबरोबरची निरीक्षणाची फ्लाइट घेऊन मुदत जास्तीत जास्त १५० दिवसांपर्यंत वाढते, आणि तीही हुकली तर परत सिममध्ये. नवी टाइप, त्यात आठवडेच्या आठवडे विमानात पाय नाही. अशा वेळी हात गंजतो आणि चेक बिघडतो. बिघडलेला चेक पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये राहतो आणि मेजरच्या इंटरव्ह्यूत त्याबद्दल विचारणा होतेच.

आता रिझर्व्ह आणि कम्यूट, म्हणजे दुसऱ्या गावाहून विमानाने बेसवर ये-जा. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे, आणि नेमकं याचंच गणित कोणी करत नाही.

शॉर्ट कॉल रिझर्व्हची (फोन आला की थोड्या वेळात हजर व्हायचं) उपलब्धता पार्ट ११७ या ड्यूटी-विश्रांतीच्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त १४ तासांची असते. समजा तुमची वेळ पहाटे ५ ते संध्याकाळी ७ आहे आणि फोन आल्यापासून दोन तासांत हजर व्हायचं आहे. पहाटे ५ ला उपलब्ध राहायचं तर आदल्या संध्याकाळीच बेसवर पोचावं लागतं. तेही शेवटच्या फ्लाइटवर विसंबून चालत नाही, तिच्या आधीची धरावी लागते, कारण ती हुकली तर हाताशी एक तरी दुसरी हवी. ई-१७५ च्या कॉकपिटमध्ये जंपसीट (जादा वैमानिकाची सीट) एकच. शुक्रवारी संध्याकाळी केबिन भरलेली असते आणि त्या एका सीटवर तीन-चार कम्यूटरांचा डोळा असतो. परक्या कंपनीची फ्लाइट असेल तर आधी त्यांचा माणूस, मग तुम्ही.

रात्री क्रॅश पॅडवर (कम्यूटर वैमानिकांची भाड्याची खोली) झोपलात, भाडं तुमच्या खिशातून. दिवसभर फोन आला नाही. संध्याकाळी ७ ला सुटलात, पण घरी जाणारी शेवटची फ्लाइट पावणेसातला गेलेली. म्हणजे आणखी एक रात्र तिथेच. फोन आला तरी चित्र फारसं वेगळं नाही. दुपारी ३ ला बोलावलं, ५ ला रिपोर्ट, एक लेग (उड्डाण). उपलब्धता सुरू झाल्यापासून धरून एकूण १६ तासांची मर्यादा, म्हणून रात्री ९ पर्यंत ड्यूटी संपायला हवी. ९ ला तुम्ही कुठल्यातरी तिसऱ्याच गावातल्या हॉटेलात असता, आणि दुसऱ्या दिवशी डेडहेडने (प्रवासी म्हणून बसून) परत बेसवर.

महिन्याला १८ दिवस रिझर्व्ह आणि १२ दिवस सुट्टी धरा. हे १८ दिवस चार-पाच दिवसांच्या चार गटांत येतात. प्रत्येक गटाच्या आधी अर्धा दिवस जाण्यात आणि नंतर अर्धा दिवस येण्यात जातो. म्हणजे बारातले चार दिवस गेले, घरी आठ उरले. खराब हवामानाच्या महिन्यात सातही होतात. चाळीस मिनिटांवर राहणाऱ्याला तीच ड्यूटी असेल तर तो पहाटे ५ ला स्वतःच्या पलंगावर झोपलेला असतो, फोन नाही आला तर संध्याकाळी घरीच जेवतो, आणि गॅरंटीचा पगार दोघांना सारखाच.

लाँग कॉल (बऱ्याच तासांची पूर्वसूचना मिळणारा रिझर्व्ह) असेल तर बरीच सुटका होते, कारण रिपोर्टच्या आधी किमान १० तासांची विश्रांती द्यावी लागते आणि तेवढ्यात घरून निघून पोचता येतं. म्हणून कंपनीला हे नक्की विचारा की नव्या एफओला लाँग कॉल मिळतो का. बऱ्याच ठिकाणी तो सीनिअर लोकच उचलतात.

कम्यूट हा फक्त सुखसोयीचा मामला आहे असं म्हणणाऱ्यांनी कोलगन एअरच्या फ्लाइट ३४०७ च्या अपघाताचा एनटीएसबी (अमेरिकेची अपघात तपास संस्था) अहवाल पुन्हा वाचावा. १२ फेब्रुवारी २००९ ला नूअर्कहून बफेलोला जाणारं क्यू४०० विमान पडलं आणि ५० माणसं गेली. मुख्य कारण होतं स्टिक शेकर (वेग धोकादायक घटल्याचा, कंट्रोल हलवून दिलेला इशारा) लागल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण दोघेही वैमानिक कम्यूट करणारे होते. एफओ आदल्या रात्री सिअॅटलहून कार्गो विमानांनी मेम्फिसमार्गे नूअर्कला आली होती, कॅप्टन फ्लोरिडात राहणारा होता. थकव्याने दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालात नोंदवली आहे, तो नेमका किती हे ठरवता आलं नाही. आज रिजनलमध्ये शिरायला १५०० तास (किंवा रिस्ट्रिक्टेड एटीपी या सवलतीच्या एअरलाइन लायसन्सचे कमी तास) लागतात ते याच अपघातानंतर झालेल्या कायद्यामुळे, आणि पार्ट ११७ सुद्धा त्याच मंथनातून येऊन जानेवारी २०१४ पासून लागू झाला. पण ११७ तुमच्या कम्यूटला हात लावत नाही. घरून बेसवर पोचण्यात गेलेला वेळ विश्रांतीतच धरला जातो. ‘फिट फॉर ड्यूटी’ म्हणून सही तुम्ही करता, आणि थकलेले असताना ती केलीत तर जबाबदारीही तुमची.

करारात कम्यूटर क्लॉज (कम्यूट हुकल्यास संरक्षण देणारं कलम) आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बहुतेक करारांत दोन फ्लाइटवर लिस्ट केलेलं दाखवलंत तर शिस्तभंगाची कारवाई होत नाही, एवढंच. हुकलेल्या ट्रिपचा पगार मात्र अनेकदा जातो. रिझर्व्हवाल्यांना तो क्लॉज लागू आहे का, हे करारात शब्दशः वाचा. वाचायला युनियनचा करारच नसेल तर तेही लक्षात घ्या: स्कायवेस्टमध्ये वैमानिकांची बाहेरची युनियन नाही, कंपनीअंतर्गत असोसिएशन आहे. एन्डेव्हर, एन्व्हॉय, पीएसए, पिडमाँट इथे अल्पा ही वैमानिकांची युनियन आहे.

आणि अपग्रेड झाल्यावर काय? तुम्ही डाव्या सीटच्या यादीत पुन्हा तळाला जाता, सर्वांत ज्युनिअर बेसवर आणि पुन्हा रिझर्व्हवर. म्हणजे कम्यूटचं हे चक्र पहिल्यापासून.

बोनसबद्दल थोडक्यात. फेडरल कर २२ टक्के आधीच कापून हातात येतो. मुदतीआधी सोडलंत तर परतफेड कापलेल्या रकमेवर आहे की पूर्ण रकमेवर, आणि ती महिन्यागणिक कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहते, हे लेखी घ्या. क्रॅश पॅडचं भाडं, विमानतळावरचं जेवण, हुकलेल्या ट्रिपा धरून बेरीज केलीत तर दोन वर्षांत त्या बोनसमधलं फार उरत नाही.

आता माझ्या उत्तराच्या विरुद्ध बाजूचं.

रिजनलचा बेस मेजरच्या मर्जीवर असतो. तिकीट मेजर विकते, मार्ग मेजर ठरवते, रिजनलला कपॅसिटी पर्चेस करारानुसार ठरलेले पैसे मिळतात. म्हणून घराजवळचा बेस उद्या बंद होऊ शकतो. तिथून कोणत्या मेजरसाठी उड्डाणं होतात, करार कधी संपतो आणि विमानं कोणाच्या मालकीची आहेत हे शोधा. ई-१७५ आहे ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मेजरच्या स्कोप क्लॉजमध्ये (रिजनलचं विमान किती मोठं चालेल हे ठरवणारं कलम) ७६ सीट आणि ८६,००० पौंडांची मर्यादा आहे, तिच्यात हेच विमान नीट बसतं. ५० सीटच्या सीआरजे-२०० वर उभी असलेली कंपनी असती तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्सप्रेसजेट एकाच वर्षात बंद पडल्या आणि तिथल्या लोकांची सीनिऑरिटी शून्यावर आली. मॅकॅस्किल-बाँड कायदा विलीनीकरणात सीनिऑरिटी याद्या न्याय्य पद्धतीने जोडायला लावतो, पण बंद पडलेल्या कंपनीच्या वैमानिकाला त्याचा उपयोग नाही.

पहिली कंपनी अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीची एन्व्हॉय असेल, तर फ्लोचा, म्हणजे रिजनलमधून थेट मेजरमध्ये जाण्याच्या ठरलेल्या वाटेचा, विचार करावाच लागेल. मात्र महिन्याला किती जण वर जातात आणि मेजरची भरती थांबली की त्या संख्येचं काय होतं, हे करारातूनच वाचा. तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल तर ६५ च्या निवृत्तीमुळे प्रत्येक वर्षाला वजन आहे. आणि बेसच्या गावी बिऱ्हाड हलवायला तयार असाल तर पहिल्या कंपनीविरुद्धचा माझा अर्धा मुद्दा गळून पडतो. त्या परिस्थितीत तीही चालेल.

‘टर्बाइन पीआयसी नसेल तर मेजर विचारत नाही’ हा त्या वादातला हुकमी एक्का. टर्बाइन पीआयसी म्हणजे जेट किंवा टर्बोप्रॉपवर कॅप्टन म्हणून उडालेले तास. २०२१-२२ च्या भरतीत मेजर कंपन्यांनी टर्बाइन पीआयसी नसलेले कितीतरी एफओ घेतले. २०२४ पासून भरती मंदावल्यावर त्या तासांना पुन्हा भाव आला, हे मान्य. पण ते तास मिळायला आधी १००० एसआयसी (को-पायलट म्हणून) तास पूर्ण व्हावे लागतात, आणि ते कुठे लवकर होतील हा हिशेब वर केलाच आहे.

या आठवड्यात दोन्ही कंपन्यांना ईमेलने हे विचारा: तुमच्या बेसवर रिझर्व्ह एफओ गेल्या तीन महिन्यांत सरासरी किती ब्लॉक तास उडाला, त्या बेसवर लाइन धरणारा सर्वांत ज्युनिअर एफओ कोणत्या महिन्यात रुजू झाला, आणि नव्या प्रशिक्षणवर्गातला बेस कशावर ठरतो. शेवटचं विसरू नका, कारण बऱ्याच ठिकाणी एकाच वर्गातली सीनिऑरिटी वयावर लागते आणि ‘घराजवळचा बेस’ पहिल्या दिवशी मिळेलच असं नसतं. दुसऱ्या कंपनीचा तो बेस सध्या नव्या वर्गाला मिळतोय असं कळलं, तर तिथली लवकरात लवकरची क्लास डेट (वर्ग सुरू होण्याची तारीख) मागून घ्या. मधल्या प्रत्येक वर्गाची अख्खी यादी तुमच्या वर जाते.