रडणारेही ध्रुपद धरतात

प्रिय चिऊ,

तू परवा विचारलंस ना, की आप्पाआजोबा गेले तेव्हा गावातले लोक टाळ-मृदंग घेऊन गात का निघाले, त्यांना वाईट वाटलं नाही का. खूप वाटलं गं. आप्पा वारकरी, त्यांच्यात रीतच तशी आहे, आणि गाणाऱ्यांतले निम्मे रडत होते, मोबाईलच्या व्हिडिओत ते दिसलं नाही एवढंच.

भजनात एकजण चरण म्हणतो आणि ध्रुपद, म्हणजे प्रत्येक चरणानंतर पुन्हा येणारी ओळ, सगळे टाळकरी उचलतात. त्यामुळे काय होतं, म्हणणाऱ्याचा गळा दाटला, शब्द फुटेना, तरी अभंग थांबत नाही, मागचे ध्रुपद धरून ठेवतात, तोवर तो डोळे पुसतो आणि पुढचा चरण घेतो. मला तरी धीर म्हणजे हाच वाटतो.

हे फार जुनं आहे बाळा. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली, वय जेमतेम एकवीस. नामदेव जिवलग मित्र, त्यांनी त्या विरहावर अभंग रचले. अजूनही दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशातले महाराज त्या अभंगांवर कीर्तन करतात आणि म्हातारी-कोतारी, तरुण पोरं, सगळी ढसाढसा रडतात, सातशे वर्षांनंतर! आणि नामदेव नुसते रडत बसले नाहीत, गात गात पार पंजाबात गेले, त्यांची ६१ पदं आज गुरु ग्रंथसाहिबात आहेत.

२०२० ला कोविडमध्ये तर पायी वारीच झाली नाही, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. गावात माणूस गेला तर खांद्याला चारजण जमेनात, भजन कुठलं. तेव्हा आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर एकटेच हरिपाठ म्हणायचे, जरा मोठ्यानेच, मग समोरच्या घरातून कुणी सूर मिळवायचं, पलीकडच्या गल्लीतून कुणी. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं ते पण म्हणायचे. आजी फोनवर हे सांगताना दरवेळी रडते आणि तरी सांगतेच.

शनिवारी आप्पांसाठी देवळात भजन आहे, रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे न्यू जर्सीत सकाळी साडेदहा. बाबा लॅपटॉप लावणारेत. नेटमुळे आवाज मागेपुढे होईल, होऊ दे. ध्रुपद सोपं असतं, मी तुला शुक्रवारी शिकवते, टाळ आपल्याकडे एकच जोडी आहे ती तू घे.

तुझी आई