शिक्षकांना डोंगरावर नेण्याआधी

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू भरभरून बोलत होतास आणि मी नुसतं ऐकत राहिले, कारण जे सांगायचं होतं ते लिहूनच नीट सांगता येईल असं वाटलं. जिल्ह्यातल्या तीस शिक्षकांना साहसी उपक्रमांचं प्रशिक्षण द्यायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. तुझा तीन दिवसांचा आराखडाही वाचला. पहिल्या दिवशी गाठी आणि दोर, दुसऱ्या दिवशी कातळारोहण आणि रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, तिसऱ्या दिवशी व्हॅली क्रॉसिंग, म्हणजे दोरावरून दरी ओलांडणं. मेहनतीने केलायस. पण मला तो मुळातूनच बदलावा असं वाटतं.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तू २८ दिवसांचा बेसिक केलास, मग ॲडव्हान्स, मग दुसऱ्याला कसं शिकवायचं याचा एमओआय. तिथे येणारा प्रत्येक जण डोंगरासाठी वेडा होऊन आलेला असतो. तुझ्यापुढे बसणारे तीस जण आदेश निघाला म्हणून येणार आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शिकावं असं म्हटलंय. ते मुळात सुतार, कुंभार, माळी अशांकडे जाऊन काम शिकण्यासाठी, पण शाळा त्यात गडही धरतात, आणि धरावाच. कर्मवीर भाऊराव अण्णांच्या या सातारा जिल्ह्यात मुलांनी वर्गाबाहेर शिकावं हे कोणाला पटवून द्यावं लागू नये. तरी आलेल्यांत कोणी पन्नाशीचे असतील, कोणाला गुडघेदुखी असेल, कोणी साडीत येतील, कोणाचं लहान बाळ घरी असेल. त्यांना तीन दिवसांत गिर्यारोहक करायला जाशील, तर तिसऱ्या दिवशी हाती काय लागेल सांगते. निम्मे घाबरलेले असतील, आणि उरलेल्या निम्म्यांना आता आपल्याला सगळं येतं असं वाटत असेल. यातले दुसरे जास्त धोक्याचे.

त्यांच्याकडे जे आहे ते तुझ्याकडे नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. सातवी ब मधला कोणता मुलगा दुखलं तरी सांगत नाही, कोणाला दमा आहे, कोण सकाळी न खाता येतो, कोणत्या दोघी एकत्र आल्या की भान सोडून पळतात, हे त्या वर्गाच्या बाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डोंगरावर मूल सुखरूप राहतं ते या माहितीवर. ती माहिती चढावर, उन्हात, कड्याजवळ कशी वापरायची एवढंच तू शिकवायचंस. दोर, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी, ही कामं ज्याची त्याने करावीत.

म्हणून पहिला दिवस अजिंक्यताऱ्यावर घाल. गाव पायाशी, दरवाजापर्यंत गाडीरस्ता, त्यामुळे कोणाला काही झालं तर खाली आणायला सोपं. पण गाडीने नको, पायथ्यापासून चालत. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गडावर झाला, ते शिक्षक तुला सांगतीलच, सांगू दे. तू त्यांना मोजायला शिकव.

हसू नकोस. मी एकदा चोवीस शिक्षकांना तिथे नेलं होतं. वर पोचल्यावर दोघींना हळूच म्हटलं, मंगळाई देवीच्या देवळात जाऊन बसा, हाक आल्याशिवाय येऊ नका. बाकीच्यांना घेऊन तटावरून पुढे निघाले. पाव तासाने थांबून विचारलं, "सगळे आलेत का?" एका सुरात उत्तर आलं, "हो!" मग म्हटलं, मोजा. पहिल्या वेळी तेवीस भरले, दुसऱ्या वेळी बावीस, तिसऱ्या वेळी कोणीतरी मलाही धरून पुन्हा तेवीस. दोघी नाहीत हे कळायला पाच मिनिटं गेली आणि त्या कोण हे आठवायला आणखी तीन. वर्षानुवर्षं रोज हजेरी घेणारी माणसं होती ती. त्यानंतर तटाकडे बघायची त्यांची नजरच बदलली. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नसतं तरी चाललं असतं.

मग उपाय सांगायचा. प्रत्येक मुलाला एक नंबर आणि एक जोडीदार. प्रत्येक दरवाजाला, प्रत्येक पाण्याच्या थांब्याला, वाट फुटते तिथे नंबर म्हणायचे, आणि जोडीदाराने जोडीदाराकडे बघून म्हणायचे. सगळ्यात पुढे एक मोठा माणूस, त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. सगळ्यात मागे एक मोठा माणूस, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. दहा मुलांमागे एक मोठं माणूस तरी हवंच. आणि एक गोष्ट मी कधी सोडली नाही: सगळ्यात अनुभवी माणूस मागे ठेवायचा. सगळ्यांना पुढे चालायला आवडतं. दमलेलं, पाय मुरगळलेलं, रडवेलं झालेलं मूल मात्र मागे असतं.

आता एक गोष्ट सांगते. ती तुझ्या आराखड्यात नाही आणि तुझ्या डोक्यातही आली नसणार. यात तुझा दोष नाही, मी स्वतः बाई असून माझ्याही आली नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आठवीच्या मुलींना घेऊन वैराटगडाला गेले होते. ऊन फार नव्हतं. तरी उतरताना एक मुलगी बसली ती उठेना. हात गार, ओठ पांढरे, बोलणं अडखळत. सावलीत आडवी केली, पाय दप्तरावर उंच ठेवले, एक लिटर पाण्यात ओआरएसची पुडी कालवून घोट घोट पाजत बसले. तिच्याजवळची बाटली उचलली तर काठोकाठ भरलेली. सकाळपासून थेंब घेतला नव्हता. का, तर पाणी प्यायलं की जावं लागेल, आणि जायचं कुठे? बाकीच्या मुलींच्या बाटल्या बघितल्या. बहुतेकींच्या तशाच भरलेल्या. मी सगळी वाट "पाणी प्या गं, पाणी प्या" म्हणत होते आणि त्या मान डोलवत होत्या.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जुनं नऊवारी लुगडं असतं. दोन झाडांना बांधलं की आडोसा तयार. निघतानाच मुलामुलींसमोर सरळ आवाजात सांगायचं, की अमुक ठिकाणी मुलींसाठी आडोसा करणार आहोत, तमुक ठिकाणी मुलांनी जायचं. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड हवेत, वापरलेले परत आणायला कागद आणि पिशवी हवी, आणि मुली असतील तिथे शिक्षिका हवीच. हा विषय तू पुरुष म्हणून टाळू नकोस. प्रशिक्षणात तूच काढ. तू संकोच केला नाहीस तर ते शिक्षकही शाळेत जाऊन करणार नाहीत.

दुसरा दिवस दोराचा ठेव, पण उलट्या बाजूने. शिक्षकांनी दोर बांधायचा नाही, दोर बांधणाऱ्याला प्रश्न विचारायचे. शाळा बहुतेक वेळा बाहेरच्या संस्थेला बोलावते आणि शिक्षक हाताची घडी घालून कडेला उभे राहतात, "त्यांना कळतं" म्हणून. मीही अशीच उभी होते. एका शिबिरात बेचाळीस मुलं आणि हेल्मेट पंधरा. जो उतरतोय त्याच्या डोक्यावर हेल्मेट, खाली कातळाच्या पायथ्याशी पाळीची वाट बघणाऱ्या मुलांची डोकी उघडी. वरून मुठीएवढा दगड सुटला आणि एका मुलीच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडला. पडल्याचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे. मी सकाळीच विचारलं असतं तर ती पोरं तिथे उभीच राहिली नसती.

तर शिक्षकांकडून हे घोकून घे. दोर एकाच जागी बांधलाय की दोन वेगवेगळ्या, आणि एक सुटली तर दुसरी पेलेल का? उतरणाऱ्या मुलाला बिलेचा, म्हणजे हात सुटला तर पेलणारा, वेगळा दोर कोण देतंय, आणि तो माणूस त्या वेळी मोबाईलवर तर बोलत नाही ना? हार्नेसचं बकल आणि कॅराबिनरचा स्क्रू बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासला का? खाली उभ्या असलेल्यांना हेल्मेट आहे का, आणि नसेल तर ते दगड पडण्याच्या टप्प्याबाहेर उभे आहेत का? पोरगं वर अडकलं तर त्याला कसं उतरवणार, ते आत्ता करून दाखवाल का? यातलं काहीही विचारायला गिर्यारोहण यावं लागत नाही. तू स्वतः मुद्दाम एक चूक करून ठेव, स्क्रू उघडा सोड, आणि कोणाच्या लक्षात येतं बघ. ज्याच्या लक्षात येईल त्याचं तोंडभरून कौतुक कर.

मोहोळाबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे, फक्त आणखी ठासून सांग. आपल्या गडांवर सापापेक्षा आग्या मोहोळाने जास्त घात होतो असं माझं मत आहे. अत्तर, सेंट नको, धूर नको, कड्याकडे दगड भिरकावणं तर नकोच. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड-डोकं झाकून लांब पळायचं. काटे ताबडतोब काढायचे. ओठ सुजले, श्वास लागला, की तिथे उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि दवाखाना. साप चावला तरी तेच. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, तो अवयव न हलवता उचलून न्यायचं.

पाण्याचं एका वाक्यात सांगते: पाण्यात उतरायचं की नाही हा निर्णय सहलीवर गेल्यावर घ्यायचाच नाही, तो शाळेतच "नाही" असा घेऊन निघायचं. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेली मुलं बुडाली ती सहलीलाच आली होती. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडावा लागतो, तिथे लाइफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसलेले शिक्षक मी डोळ्यांनी बघितलेत. आधी शिक्षकांनी घालायचं, पट्टे आवळायचे, मग मुलांकडे बघायचं.

भीतीबद्दल मात्र सावकाश बोल, घाई करू नकोस. कल्याणगडावरची गुहा तुला माहीत आहे. अंधार, गुडघाभर गार पाणी, आत पार्श्वनाथाची मूर्ती. सहावीतला एक मुलगा तोंडाशी थांबला, आत यायला तयार नाही. बरोबरचे शिक्षक म्हणाले, "अरे, मुली गेल्या की आत!" त्याचं तोंड असं लाल झालं की मला ते बघवेना. त्या एका वाक्यात त्याचाही अपमान आणि मुलींचाही. मी त्याला बॅटरी दिली आणि म्हटलं, तू इथेच थांब, बाहेर येणारा प्रत्येक नंबर मोज, एकही चुकू देऊ नकोस. त्याने मोजले, अगदी बरोबर मोजले. तो आत गेला नाही, आणि त्या दिवशी त्याने जाण्याची गरजही नव्हती. मुलाने नको म्हटलं की नको, त्यावर हसायचं नाही आणि त्याला रिकामं बसवायचं नाही, हे शिक्षकांकडून करून घे. सगळ्यात आधी त्यांच्याशी तू तसं वाग. पन्नाशीच्या बाईंना रॅपलिंग नको असेल तर त्यांच्या हाती वही दे आणि म्हण, तुम्ही तपासणी करा.

जावळी-पाटणकडच्या शाळांतले शिक्षक असतील तर त्यांना एक गोष्ट सांग. त्यांची निम्मी पोरं रोज डोंगर उतरून शाळेत येतात. ढोरवाट कुठली, पावसात कुठे घसारा होतो, कुठल्या टाक्याचं पाणी पितात, हे त्या पोरांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना वाटाड्याचा मान द्या. वर्गात मागे बसणारी पोरं तिथे पुढे येतात, आणि शिक्षकांनी ते डोळ्यांनी बघणं फार गरजेचं असतं.

तिसऱ्या दिवशी व्हॅली क्रॉसिंग काढून टाक आणि त्या जागी "परत फिरूया" म्हणायचा सराव घे. खरोखर सराव, भाषण नव्हे. एकाला मुख्याध्यापक कर, एकाला पालक, एकाला बसचा ड्रायव्हर. एकीला सांग, आभाळ भरून आलंय, गडमाथा वीस मिनिटांवर आहे, तू मुलांना खाली ने. मग बाकीच्यांनी तिला अडवायचं. "एवढे पैसे भरलेत", "मुलं हिरमुसतील", "मागच्या वर्षी गेलो होतो की", "फोटो तर काढून होऊ दे". तिचा आवाज पहिल्यांदा बारीक होईल. दुसऱ्यांदा थोडा बरा. पाचव्यांदा ती नुसती म्हणेल, "नाही, आपण उतरतोय," आणि वळून चालायला लागेल. प्रत्येकीला पाच वेळा आणि प्रत्येकाला पाच वेळा. वेळ जाईल, जाऊ दे. परत फिरायची वेळ निघतानाच घड्याळावर ठरवून सगळ्यांना सांगितलेली असली की हे वाक्य म्हणणं सोपं जातं, हेही दाखवून दे.

आराखडा बदलून मला पाठव, मी खुणा करून देईन. माझ्याकडे तीस शिट्ट्या आहेत, दोरीसकट, त्या घेऊन जा. पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी पायथ्याशी येते. शिक्षकांना देवळात लपवायचं काम माझ्याकडे राहू दे.

तुझी,
बाई