दुबईहून कायमचं परभणीला: निघायची तारीख आधी ठरवा

प्रश्न असा आहे: दुबईत तीन वर्षं नोकरी झाली, बायको-लेकरं सोबत आहेत, आता कायमचं परभणीला यायचंय. केव्हा यावं, निघण्याआधी काय मिटवावं आणि साठलेल्या पैशात शेत घ्यावं का?

तिकिटाच्या आधी कॅलेंडर काढा. एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही भारतात 60 किंवा जास्त दिवस राहिलात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भरत असले, तर इन्कम टॅक्सच्या लेखी तुम्ही निवासी. तीन वर्षंच बाहेर राहिलेल्या माणसाचे ते 365 दिवस भरतातच. 60 ऐवजी 182 दिवस धरण्याची सवलत सुट्टीवर येणाऱ्याला आहे, कायमचं परतणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये. निवासी ठरलात की त्या वर्षातला दुबईचा पगारही इथं करपात्र होतो, आणि तिथं पगारावर टॅक्स नसल्याने वजा करायला हातात काही नसतं. ‘आरएनओआर’ची (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला, म्हणून बाहेरच्या कमाईवर इथं कर नाही) सूट मिळेल असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. त्यासाठी मागच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांच्या आत, किंवा दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं. तीन वर्षांत ते जमत नाही.

म्हणून 2 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात उतरा, म्हणजे वर्ष संपेपर्यंत 60 दिवस भरत नाहीत. दिवाळीला वीस दिवस येऊन गेला असाल तर ते दिवसही मोजले जातात. मग 22 फेब्रुवारीच्या आत नको. लेकरं तिथल्या भारतीय शाळेत असतील तर त्यांच्या परीक्षा उरकून मार्चअखेर निघणं सगळ्यात सोयीचं. जूनमध्ये आलात तर एप्रिलपासूनचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. आणि मे महिन्यात परभणीत घर लावायला घेणं म्हणजे स्वतःहून उन्हात उभं राहणं.

तारीख ठरली की मागे मोजत या. नोटीस 30 ते 90 दिवसांची असते, करारात बघून घ्या. सगळ्यात जास्त घोळ क्रेडिट कार्डाचा होतो. ते बंद व्हायला बँक दीड महिनाही लावते, आणि व्हिसा रद्द झाल्याचं कळल्यावर येणे बाकी असेल तर शेवटचा पगार खात्यातच अडकतो. म्हणून कार्ड आणि कर्ज राजीनाम्यासोबतच मिटवा, ‘काही देणं नाही’ असं पत्र हातात घ्या आणि तोवर तिथलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. लाइट-पाण्याचं शेवटचं बिल भरलं की ‘दीवा’ची (दुबईचं वीज-पाणी खातं, DEWA) अनामत परत मिळते; फ्लॅटला ती 2000 दिरहम असते. पोलीस क्लिअरन्स एमिरेट्स आयडी चालू असतानाच काढा. लेकरांच्या शाळेच्या टीसीवर (दाखल्यावर) तिथल्या शिक्षण खात्याची नोंद हवी.

ग्रॅच्युइटीचा हिशोब फक्त बेसिकवर होतो: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला 21 दिवसांचा पगार. बेसिक 4000 दिरहम असेल तर दिवसाचे 133.33, वर्षाचे 2800, तीन वर्षांचे 8400. करार संपल्यापासून 14 दिवसांत कंपनीने सगळी रक्कम द्यायची असते. ‘गावी गेल्यावर पाठवतो’ हे ऐकून विमानात बसू नका.

कस्टम्स मुंबईत किंवा हैदराबादला होतं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला 20 ग्रॅम आणि बाईला 40 ग्रॅम दागिने माफ. बिस्किटं-नाणी त्यात धरत नाहीत. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या. आल्या आल्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयाचं) खातं निवासी करून घ्या. एफडीचा ठरलेला दर मुदतीपर्यंत मिळतो, पण व्याजाची करमाफी परतल्यापासून संपते.

आता शेत. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून दुबईत बसून भावाला ‘बयाणा देऊन टाक’ म्हणू नका. आल्यावरही मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट कायदा, 1950 लागू आहे आणि घेणारा शेतकरी असावा लागतो. वडिलांच्या सातबाऱ्याचा पुरावा जवळ ठेवा. घ्यायच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर तिथंच थांबा. आपल्याकडे मदतमाश (निजामकाळात उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम) आणि देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि परवानगीशिवाय झालेलं त्यांचं खरेदीखत पुढे फेरफाराला अडकतं. दलाल म्हणेल, ‘सगळ्यांनी अशीच घेतलीय.’ तरीही त्या गटाचे जुने फेरफार तहसीलमधून काढून वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.